विसाव्यावरचे दोन कप

पाली
१८ नोव्हेंबर २०२४

रितेश,

'अनेक आशीर्वाद' लिहायला बसले होते, पण तू पाठवलेले फोटो बघितल्यावर हात आखडला. राहू देत. नंतर सुचलं तर लिहीन.

फोन का नाही केला, असं विचारशील. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, आणि व्हॉट्सॲपवर माझ्या चार ओळींना तू अंगठा दाखवतोस. आप्पा गेल्यापासून आपण दोघं अंगठ्यावरच चाललोय. म्हणून हा कागद. ह्याला अंगठा दाखवता येत नाही.

घर विकायला माझी हरकत नाही, हे मी तेराव्यालाच सांगितलं होतं. तू ठाण्याला, मी पालीला दुकानाच्या गल्ल्यावर. बंद घराला वाळवी खाते, त्यापेक्षा कुणीतरी राहिलेलं बरं. गिऱ्हाईक आलं तर एसटीने रत्नागिरीला जाईन, पुढे रिक्षा करून वाडीत जाईन, दार उघडीन, हेही कबूल केलं. पण जाहिरातीत तू आप्पांच्या घराचं जे करून ठेवलंयस, ते बघून मला शिसारी आली.

उमेरला तू फोटो काढायला सांगितलंस. उमेर माणूस चांगला आहे, माझ्या नणंदेच्या लग्नाचा अल्बम त्यानेच केला होता. पण त्याने आपल्या घराचाही लग्नाचा अल्बमच केलाय. मागे जांभळं आभाळ. कौलांवर दिवसाढवळ्या चंद्र. नारळाच्या झावळ्यांमधून जुनं खरं आभाळ तुकड्यातुकड्याने दिसतंय, जसा पोपडे उडालेला रंग. दारासमोरच्या खळ्यातली तांबडी माती जाऊन तिथे मंगल कार्यालयातल्या सतरंजीसारखं हिरवं काहीतरी पसरलंय. वरच्या घरच्या गंगावहिनीची कोंबडी खळ्यात चरत होती, ती त्याने पुसली, पण तिचे पाय पुसायला विसरला. नुसते दोन पिवळे पाय उभे आहेत. आणि समुद्र! आपल्या घराच्या मागे कातळ आहे रे. समुद्र समोर, तोही पाखाडीच्या पायऱ्या उतरून खाली. उमेरने तो उचलून मागे नेऊन ठेवला.

परवा कोल्हापूरचे एक काका ते फोटो बघून आले. घराला वळसा घालून कातळावर उभे राहिले आणि मला म्हणाले, "बाई, समुद्र कुठं हाय?" मी समोर बोट दाखवलं. म्हणाले, "मग मागचा कुठं गेला?" पाणी दिलं त्यांना. ते पाणी पिऊन हसत हसत गेले.

उमेरला मी झापलं. तो म्हणाला, "ताई, साधा फोटो कोण बघतो? रितेशभाईच बोलले, जरा खुलवून दे." खुलवून! शेवटच्या फोटोत खळ्याच्या कडेचा विसावा आहे ना, त्या दगडावर बरोब्बर त्याने आपल्या स्टुडिओचं नाव आणि मोबाईल नंबर छापलाय. म्हटलं, उमेर, त्या दगडावर कुणाला टेकवतात ठाऊक आहे का तुला? जीभ चावली त्याने.

एवढंच की हे फोटो इतके वाईट आहेत, त्यांनी कुणी फसणार नाही. बघणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं की आपल्याला गंडवतायत. ते काढून टाक आणि साधे लाव.

दमयंतीताई


पाली
२० डिसेंबर २०२४

रितेश,

साधे लाव म्हटलं होतं. तू मुंबईहून माणसं पाठवलीस.

तिघं आले होते, मोठा कॅमेरा, दिवे आणि ते उडतं यंत्र घेऊन. दिवसभर घरात होते. वागायला सभ्य. एकाने तर माझ्यासाठी पाण्याची कळशीसुद्धा उचलली. मला वाटलं, आता तरी घर घरासारखं दिसेल.

काल फोटो बघितले. आधी, खोटं कशाला बोलू, डोळ्यांना बरं वाटलं. पडवी इतकी स्वच्छ, लाद्यांवर उजेड, खिडकीतून खाली खाडीच्या मुखाशी मिळणारा समुद्र अगदी जसाच्या तसा. चंद्र नाही की जांभळं आभाळ नाही. मग मी एकेक फोटो मोठा करून बघायला लागले.

माजघराच्या भिंतीवरची ओल गेली. बरं, जाऊ दे. विजेचा बोर्ड गेला. आप्पा दारामागच्या खिळ्याला सदरा अडकवायचे, तो खिळा गेला. खिळ्याने कुणाचं काय घोडं मारलं होतं? वरच्या अंगाला धाकूकाकांचं घर दिसतं, निळी ताडपत्री घातलेलं. ते ताडपत्रीसकट गेलं, तिथे आता झाडी आहे. आणि धाकूकाका त्या दिवशी पायरीवर बसले होते, मी स्वतः बघितलं, त्या कॅमेरावाल्याकडे बघून हातसुद्धा केला त्यांनी. फोटोत धाकूकाका नाहीत. आयुष्यभर आपल्या माडांवर चढलेला माणूस, नव्वदीला टेकलेला, पायरीवरून उचलून झाडीत टाकला. ते सध्या खोकल्याने हैराण आहेत, गंगावहिनी म्हणत होत्या. त्यांना फोटो दाखवायची मला लाज वाटली.

पाखाडी गेली. वरच्या वाडीतून आपल्या खळ्याच्या कडेने खाली उतरणारी चिऱ्याची पाखाडी, जिच्यावरून आपण शाळेत गेलो, तिथे आता हिरवळ आहे. उमेरची सतरंजी नव्हे हां. खरी वाटणारी हिरवळ, मधेच दोन पिवळी पानं पडलेली. पिवळी पानं! खोट्याला खरं करायला ही पानं टाकणारा माणूस कुठल्या मातीचा असेल, असा विचार करत बसले मी.

आणि शेवटचा फोटो. लिहायला घाण वाटते, पण लिहिते.

उंडिणीच्या झाडाखालचा विसावा. त्यावर एक पांढरी गादी. दोन उशा. आणि दोन कप, त्यातल्या एकातून वाफ निघतेय. मागे समुद्र. कपांची सावली दगडावर बरोबर त्याच बाजूला पडलीय, जिकडे उंडिणीची पडते. इतकं नीट काम आहे की क्षणभर मलाच तिथे जाऊन बसावंसं वाटलं. त्या क्षणाची मला सगळ्यात जास्त किळस आली.

त्या मुंबईच्या माणसांना काय ठाऊक? त्यांना छान सपाट दगड दिसला. पण तुला ठाऊक आहे, रितेश. वाडीतलं कुणी गेलं की पाखाडीने खाली नेताना तिरडी त्या दगडावर टेकवतात, भाताचा गोळा ठेवतात, खांदेकरी पुढचे मागे आणि मागचे पुढे होतात, मग खाली स्मशानात जातात. आप्पा दरवेळी खळ्याच्या दगडी गडग्यावर पाण्याची घागर भरून ठेवायचे, परतणाऱ्यांना पाय धुवायला. तू पाच-सहा वर्षांचा असशील, फणसाचे गरे घेऊन त्या दगडावर जाऊन बसला होतास. आप्पांनी कपड्यांसकट तुला विहिरीवर नेऊन आंघोळ घातली. थंडीचे दिवस होते, तू कुडकुडत होतास, आणि मी हसत होते. हे तू विसरला नसशील. मग तो फोटो बघून तू गप्प कसा बसलास?

तो एक फोटो काढायला सांग. बाकीचे ठेव हवं तर.

ताई


पाली
११ जानेवारी २०२५

रितेश,

फोटो काढला नाहीस. उलट तो सगळ्यात पहिला लावलास. आणि मला दोन ओळी पाठवल्यास, "ताई, त्याच फोटोवर फोन येतायत. प्लीज, व्यवहार होईपर्यंत दगडाचं कुणाला बोलू नकोस."

फोन येतायत हे खरं. माझ्यासारख्या गल्ल्यावर बसणाऱ्या बाईला दिवसभर अनोळखी माणसं विचारतायत, "तो सी-फेसिंग बसायचा कोपरा आहे ना, तो घराबरोबरच मिळतो ना?" उमेरच्या फोटोंवर एक काका आले होते, तेही समुद्र शोधत. ह्या फोटोंवर रांग लागलीय. आपलं घर तेच आहे, बरं का. वाळवीसुद्धा तीच. फोटो वाईट होता तेव्हा लोक हसून परत गेले, फोटो चांगला झाला तर पैसे घेऊन धावतायत. ह्यात माणसांनी काय बघितलं म्हणायचं?

रविवारी पुण्याचं ते जोडपं येऊन गेलं. तू सांगितलं होतंस तेच. दोघंही शिकलेली, बोलायला गोड, मला काकू म्हणत होती. मी पडवी झाडून ठेवली होती. ते माजघरात गेलेच नाहीत आधी. गाडीतून उतरून मॅडम सरळ खळ्याच्या कडेला गेल्या, उंडिणीकडे बघून म्हणाल्या, "अहो, तोच!" आणि बसल्या. आरामात, पाय वर घेऊन. साहेबांनी त्यांचा फोटो काढला. दगडाच्या खोबणीत अजून कुणाच्यातरी वेळची अबीराची भुकटी होती. त्यांनी ती हाताने झटकली आणि म्हणाल्या, "केवढे हे परागकण! किती फुलझाडं असतील ना इथे?"

माझ्या तोंडाला कुलूप होतं. तुझं कुलूप. आप्पांच्या कपांतून मी त्यांना चहा दिला, तोही तिथेच नेऊन, कारण त्यांना तिथेच हवा होता. कप देताना मी मान खालीच घातली होती. मॅडमना वाटलं, काकूंना घर सुटतंय म्हणून रडू येतंय. त्यांनी माझा हात धरला. अशा चांगल्या बाईला मी तिथे बसवलं, आणि तू मला हे करायला लावलंस.

हिरवळ कुठाय, असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, उन्हाळ्यात जाते. जानेवारी चालू आहे. त्यांनी मान डोलावली. फोटो आवडला की माणूस स्वतःच स्वतःला समजावतो, हे मला त्या दिवशी कळलं.

घर त्यांना पसंत आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मोजमापं घ्यायला येणार आहेत. वकिलाचे कागद तू मला पाठवणार आहेस, सहीसाठी. पाठव. बघू.

दमयंती


वाडी, आप्पांचं घर
२ फेब्रुवारी २०२५

रितेश,

हे पत्र पडवीत बसून लिहितेय. ते दोघं मघाशी गेले. आता संध्याकाळच्या एसटीला वेळ आहे, तोवर लिहून टाकते, नाहीतर पालीला पोचेपर्यंत राग निवेल, आणि मला तो निवू द्यायचा नाही.

सकाळी मी पालीहून निघायच्या आधीच वरच्या घरच्या सदूचा फोन आला होता. धाकूकाका पहाटे गेले. मी आल्याआल्या वर जाऊन गंगावहिनींना भेटून आले. मग खाली येऊन विहिरीचं पाणी काढलं, घागर घासली, भरली, गडग्यावर ठेवली.

दहाच्या सुमारास तुझी गिऱ्हाइकं आली. मोजायची फीत आणली होती. शिवाय एक थर्मास, दोन पांढरे कप आणि घरून दोन उशा. मॅडम म्हणाल्या, "काकू, आम्हाला अगदी तस्साच फोटो काढायचाय." तू म्हणालास ना, बोलू नकोस म्हणून? तुझं ऐकलं. मी आत जाऊन खिडक्या उघडत बसले.

खिडकीतून दिसत होतं मला सगळं. दोघं उशांना टेकून बसले होते, कपांतून वाफ येत होती, मागे समुद्र. अगदी तस्साच फोटो.

मग वरून पाखाडीवर पावलं वाजली. पुढे मडकं घेतलेला सदू, मागे चौघांच्या खांद्यावर धाकूकाका, त्यांच्यामागे वाडी. पाखाडीच्या वळणावर आले आणि थांबले. दगडावर माणसं बसलेली. वाडीत असं कधी कुणी बघितलेलं नाही. कुणालाच काय करायचं ते कळेना. खांदेकरी ओझं घेऊन उभे. एकाने उगाच घसा खाकरला.

सदू पुढे आला, अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाय, जरा उटा. आमच्या बापाशीला टेकवायचाय."

मॅडमना काही कळलं नाही. त्यांनी तिरडीकडे बघितलं, मग दगडाकडे, मग उशीकडे. साहेबांना आधी कळलं. त्यांनी त्यांना दंडाला धरून ओढलं. उशा घेतल्या, पण कप तिथेच राहिले. खांदेकऱ्यांचे खांदे भरून आले होते आणि त्या कपांना हात लावायला कुणी पुढे होईना. शेवटी मीच गेले आणि कप उचलले. गरम होते. मग त्यांनी धाकूकाकांना टेकवलं, सदूने भाताचा गोळा ठेवला, चौघांनी जागा बदलल्या, आणि गेले खाली.

मॅडम गडग्यापाशी जाऊन ओकल्या. मी घागरीतलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं. मला त्यांचा राग आला नाही. त्या रडत म्हणाल्या, "काकू, पण तुमच्याच जाहिरातीत लिहिलं होतं ना, तुमचे वडील रोज संध्याकाळी ह्याच दगडावर बसून चहा घ्यायचे. त्यांचा आवडता कोपरा. म्हणून तर आम्हाला..." आणि त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

मी फोटोच बघत होते आजवर. खालचं इंग्रजी मी कधी वाचलंच नव्हतं. माझं इंग्रजी दुकानाच्या बिलापुरतं, पण एवढं मला कळलं. माय फादर. एव्हरी इव्हनिंग. टी.

हे त्या मुंबईच्या माणसांनी लिहिलेलं नाही. त्यांना आप्पा ठाऊक नव्हते. दीड महिना मी त्या पोरांना शिव्या घालतेय, त्यांचे कप, त्यांची पिवळी पानं. आणि हे तू लिहिलंस. त्यांनी दगडावर कप ठेवले, तू त्या कपामागे आप्पांना आणून बसवलंस.

थू तुझ्यावर, असं मी पडवीत मोठ्याने म्हणाले. साहेबांनी ऐकलं. त्यांना वाटलं, मी त्यांना म्हटलं. त्यांची तेवढी माफी मागितली.

एसटीची वेळ झाली. घागर रिकामी करून पालथी घातलीय.

दमयंती


पाली
१६ फेब्रुवारी २०२५

रितेश,

तुझा मेसेज आला. वर्षभरात पहिल्यांदा तू मला अंगठ्यापेक्षा मोठं काही पाठवलंस. तो मी दोनदा वाचला. पुण्याच्या साहेबांना समजावलंस, घर अजूनही घेतील, फक्त दगड उचलायचा आणि पाखाडीच्या तोंडाशी चिऱ्यांची भिंत घालायची. "मी त्यांना शब्द दिलाय ताई, फोटोत आहे तसं करून देतो." आधी घरासारखा फोटो काढायचा असतो, हे मी तुला सांगत होते. आता तू फोटोसारखं घर करायला निघालायस. आणि वाडीने तिरड्या कुठून न्यायच्या? कातळावरून?

तू पाठवलेला जेसीबीवाला गुरुवारी वाडीत आला, तेव्हा मी तिथेच होते. आमच्याच पालीतला निघाला, सामान आमच्या दुकानातूनच नेतो. दगड कसला आहे ते त्याला सांगितलं तर त्याने यंत्राची चावीच काढून खिशात टाकली. चहा पाजून परत पाठवला. चहा पडवीत पाजला.

वकिलाचे कागद सोबत परत पाठवतेय. सही केलेली नाही. घाबरू नकोस, मी घर अडवून ठेवणार नाही. मला ते नकोय, हे आजही सांगते. फक्त जसं आहे तसं विकायचं. त्यासाठी मी उमेरला घेऊन गेले आणि म्हटलं, एक रंग खुलवलास तर मार खाशील. बिचाऱ्याने भिंतीची ओल काढली, बोर्ड काढला, दारामागचा खिळा काढला, म्हणजे फोटोत घेतला. गंगावहिनीची कोंबडी पायांसकट. निळी ताडपत्री. रिकामी पायरी. आणि विसावा, धाकूकाकांच्या वेळच्या सुकलेल्या झेंडूसकट. तुझी जाहिरात तुझ्या नावाने आहे, ती राहू दे. ही माझ्या नावाने लावलीय. ह्या फोटोंवर जो येईल त्याला मी त्याच दिवशी सही देईन. अजून कुणाचा फोन आलेला नाही. कदाचित येणारही नाही. उमेर म्हणतो, ताई, निदान उजेड तरी थोडा वाढवूया. मी नाही म्हटलं.

एक गोष्ट तुला कधी बोलले नव्हते. आप्पांना नेलं तेव्हा तू चिपळूणच्या अलीकडे गाडीत अडकला होतास. ऊन चढलं होतं, लोक थांबेनात. मी तुला मोबाईलवर दाखवत चालले होते. दारातून उचलून खळं ओलांडलं, आणि वाडीतली जुनी माणसं म्हणाली, घर समोर असलं म्हणून काय झालं, विसावा झालाच पाहिजे. मी मोबाईल वर धरला आणि तिथेच रेंज गेली. तुझा चेहरा अडकून राहिला, तोंड उघडं. इकडे आप्पांना दगडावर टेकवलं. घागर भरायची त्या दिवशी कुणाला सुचलं नाही, कारण ती भरणारे दगडावर होते. धाकूकाका वर जाऊन स्वतःच्या घरातली घागर घेऊन आले.

ते तू बघितलं नाहीस. तुझा दोष नाही. मला वाटायचं, तुला ते कधी सांगायचंच नाही, कशाला उगाच. पण तू त्याच जागेवर त्यांच्या हातात चहाचा कप दिलास, म्हणून सांगितलं.

माझ्या जाहिरातीत शेवटच्या फोटोखाली मी मराठीतच लिहिलंय. तुझंच वाक्य घेतलं, तेवढं दुरुस्त केलं. वाच:

'आमचे वडील ह्या दगडावर एकदाच टेकले. घर घेणाऱ्याने गडग्यावर पाण्याची घागर ठेवावी.'

ताई